वैद्यकीय उपकरणांची संगणकीय सुरक्षितता : व्यवस्थापनाच्या दृष्टीने एक विचार

रुग्णालयाच्या ताळेबंदात ‘यंत्रसामग्री’ या शीर्षाखाली जी रक्कम दिसते, तिच्या स्वरूपात गेल्या दोन दशकांत मूलभूत बदल झाला आहे. आकड्यावरून मात्र तो कळत नाही. पूर्वीचे क्ष-किरण यंत्र म्हणजे नळी, टेबल आणि विजेचा पुरवठा. आज सीटी स्कॅन, सोनोग्राफी, रक्ततपासणीचे स्वयंचलित यंत्र, अतिदक्षता विभागातील मॉनिटर, ठरलेल्या गतीने औषध देणारा इन्फ्यूजन पंप या प्रत्येकाच्या पोटात एक संगणक आहे आणि तो बहुधा नेटवर्कला जोडलेला आहे. त्यामुळे अहवाल क्षणात डॉक्टरांच्या टेबलावर पोहोचतो, ही मोठीच सोय होय. त्याच वाटेने आणखी काय आत येऊ शकते, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. लेखक अभियंता नसून वाणिज्य शाखेचा पदवीधर असल्याने विवेचन खरेदी, करार आणि नोंदी यांच्या अंगाने होणार, हे वाचकांनी समजून घ्यावे.

दिनांक १२ मे २०१७ रोजी ‘वॉनाक्राय’ नावाचा खंडणीखोर प्रोग्रॅम जगभर पसरला. इंग्लंडच्या राष्ट्रीय आरोग्य सेवेला त्याचा जबर फटका बसला. तेथील २३६ पैकी किमान ८० रुग्णालय-न्यासांचे कामकाज विस्कळीत झाले, हजारो रुग्णांच्या भेटी व शस्त्रक्रिया रद्द झाल्या आणि काही भागांत तातडीच्या रुग्णांना दूरच्या रुग्णालयात न्यावे लागले. नंतरच्या सरकारी लेखापरीक्षण अहवालात १,२२० निदान-उपकरणे बाधित झाल्याची नोंद आहे. हा हल्ला रुग्णालयांवर मुद्दाम केलेला नव्हता. ज्या छिद्रातून तो आत शिरला, ते बुजविणारी दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने दोन महिने आधीच, मार्च २०१७ मध्ये, प्रसिद्ध केली होती. ती अनेक ठिकाणी बसविलेलीच नव्हती.

का बसविली नव्हती, असा प्रश्न सहजच पडतो. परंतु उपकरणांच्या बाबतीत उत्तर सोपे नाही. कचेरीतील संगणकावर दुरुस्ती चढविणे ही पाच मिनिटांची बाब. सीटी स्कॅनच्या संगणकावर उत्पादकाने तपासून मान्य केल्याशिवाय काहीही चढविता येत नाही, कारण त्यातून प्रतिमा अथवा मात्रा बिघडली तर उत्तरदायित्व कोणाचे? येथेच हिशेबाचा मुद्दा येतो. यंत्राचे लोखंड पंधरा वर्षे टिकते. त्यातील प्रणालीचे आयुष्य त्याहून कमी असते. विंडोज ७ ला मिळणाऱ्या नियमित दुरुस्त्या जानेवारी २०२० मध्ये थांबल्या, विंडोज १० च्या ऑक्टोबर २०२५ मध्ये. घसारा आपण लोखंडावर काढतो. दात्याच्या नावाची पाटी असलेले, उत्तम चालणारे यंत्र केवळ संगणक जुना झाला म्हणून मोडीत काढा, असे कोणत्याही धर्मादाय संस्थेच्या विश्वस्तांना सांगणे कठीण आहे आणि माझ्या मते ते योग्यही नाही.

प्रत्यक्ष उपकरणातील दोषांचीही उदाहरणे आहेत. ‘सिम्बिक’ या इन्फ्यूजन पंपात बाहेरील व्यक्तीला नेटवर्कमधून औषधाची मात्रा बदलता येणे शक्य असल्याचे आढळल्यावर अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने जुलै २०१५ मध्ये तो न वापरण्याचा सल्ला दिला. ऑगस्ट २०१७ मध्ये तेथील सुमारे ४,६५,००० पेसमेकरांसाठी संगणकीय दुरुस्ती जाहीर करावी लागली. या दोन्ही प्रसंगी कोणा रुग्णास इजा झाल्याची नोंद नव्हती. जानेवारी २०२५ मध्ये ‘कॉन्टेक सीएमएस ८०००’ या रुग्ण-मॉनिटरबाबत इशारा देण्यात आला : त्यात एक ठराविक बाह्य पत्ता कायमचा कोरलेला असून इंटरनेट मिळताच रुग्णाची माहिती तिकडे जाऊ शकत होती. त्यामागे दुष्ट हेतू होता की रचनाच सदोष होती, यावर तज्ज्ञांत मतभेद झाले. वापरणाऱ्या रुग्णालयाला त्या वादाचा फारसा उपयोग नाही. दूरस्थ निरीक्षणाची गरज नसेल तर नेटवर्कची तार काढून ठेवावी, हा त्या वेळचा सल्ला मात्र उपयोगाचा होता.

आपल्या देशात दिनांक २३ नोव्हेंबर २०२२ रोजी दिल्लीच्या ‘एम्स’चे सर्व्हर अशाच हल्ल्याने बंद पडले आणि कित्येक दिवस नोंदणी, प्रयोगशाळा व बिले यांचे काम हाताने करावे लागले. एवढ्या मोठ्या संस्थेकडे ते निभावून नेण्याचे मनुष्यबळ होते. आपल्यासारख्या रुग्णालयात निर्धन व दुर्बल घटकांसाठी राखीव असलेल्या खाटांवरील रुग्णास ‘आज यंत्र बंद आहे, दुसरीकडे जा’ असे सांगितले, तर ते दुसरे ठिकाण त्याला परवडणारे असेलच असे नाही.

तेव्हा करावयाचे काय? सर्वप्रथम नोंदवही. मालमत्ता नोंदवहीत यंत्राचा अनुक्रमांक, किंमत व दाता यांच्या जोडीला आता चार रकाने वाढविले आहेत : आतील प्रणाली कोणती, तिच्या दुरुस्त्या कधीपर्यंत मिळणार, यंत्र नेटवर्कला जोडलेले आहे काय, आणि बाहेरून कोणाला त्यात प्रवेश आहे. शेवटचा रकाना भरताना सर्वांत अधिक वेळ लागतो, हे येथे नमूद केले पाहिजे.

दुसरी गोष्ट म्हणजे नेटवर्कचे कप्पे. बिलांचे संगणक, नातेवाइकांचे वायफाय आणि अतिदक्षता विभागातील मॉनिटर एकाच जाळ्यात असणे म्हणजे औषधभांडार आणि प्रतीक्षाकक्ष यांच्यामध्ये भिंतच नसणे. जुने यंत्र ठेवावयाचे असेल, तर ते वेगळ्या कप्प्यात ठेवून त्यास केवळ प्रतिमा साठविणाऱ्या सर्व्हरपुरतीच वाट द्यावी. इंटरनेट मुळीच देऊ नये. मात्र हे काम परिचारिका-प्रमुखांना बरोबर घेऊनच करावे. कप्पे पाडताना खाटेवरील मॉनिटरची धोक्याची घंटा परिचारिका-कक्षात पोहोचणे थांबले, तर तो प्रकार कोणत्याही व्हायरसपेक्षा घातक ठरेल.

तिसरी गोष्ट सेवा-अभियंत्यांची. त्यांचा पेन ड्राइव्ह व लॅपटॉप रोज चार रुग्णालयांतून फिरतो. त्यांचा दूरस्थ प्रवेश कायम खुला न ठेवता मागणी आल्यावरच उघडावा, काम संपताच बंद करावा आणि दोन्ही वेळांची नोंद ठेवावी. यंत्राबरोबर आलेला मूळ पासवर्ड तर अनेकदा छापील माहितीपुस्तिकेतच असतो. तो बसवणीच्याच दिवशी बदलावा. वार्षिक देखभाल करारात सुट्या भागांची यादी दोन पानांची आणि संगणकीय दुरुस्त्यांचा उल्लेखही नाही, असे वारंवार दिसते. मार्च २०२३ पासून अमेरिकेत अशा नव्या उपकरणांच्या परवानगीसाठी त्यातील सॉफ्टवेअर-घटकांची यादी देणे उत्पादकांवर बंधनकारक आहे. तीच यादी आपणही निविदेत मागावी. विक्रेते कुरकुर करतात, पण देतात.

चौथी तयारी कागदाची. केसपेपर, औषधतक्ता व तपासणी-मागणीचे छापील नमुने प्रत्येक विभागात तयार असावेत आणि वर्षातून दोनदा संगणक बंद ठेवून दोन तास काम करून पाहावे. नोंदींची एक प्रत नेटवर्कपासून पूर्णतः अलग ठेवावी. हल्ला झाल्यास २०२२ च्या निर्देशांनुसार ‘सर्ट-इन’ या केंद्रीय यंत्रणेस सहा तासांच्या आत कळवावे लागते. तो ई-मेल पत्ता व दूरध्वनी क्रमांक बंद पडलेल्या संगणकात असून चालणार नाही, भिंतीवर हवा.

राहता राहिली जुनी यंत्रे. बायबॅकमध्ये दिलेल्या सोनोग्राफी यंत्राबरोबर त्याची हार्ड डिस्कही जाते आणि तीत रुग्णांची नावे व प्रतिमा असतात. डिस्क काढून घेण्याची अथवा आमच्यासमक्ष पुसण्याची अट आता खरेदी-आदेशातच घातली जाते. त्यापोटी विक्रेता बायबॅकची जी रक्कम कमी देतो, ती जमाखर्चात देखभाल खर्चाखाली दाखविली आहे.