सूक्ष्मदर्शक यंत्र व त्याचा उपयोग

जें डोळ्यांस दिसत नाहीं तें नाहींच, असें मनुष्य सहज म्हणतो. पूर्वीं उदगीराकडील खेड्यांत हिंवताप पसरला म्हणजे कोणी वाईट हवेस दोष देई, कोणी नव्या पाण्यास, तर कोणी दृष्टीस. खरें कारण रुग्णाच्या एका रक्तबिंदूंत असे. परंतु तें पाहावयास सूक्ष्मदर्शक यंत्र लागतें. शाळेच्या प्रयोगशाळेंत हें यंत्र मुलांच्या हातीं येतें; म्हणून त्याची रचना व तें वापरण्याची रीति या पाठांत सांगितली आहे.

रचना.— यंत्रांत वस्तूजवळ जें भिंग असतें त्यास वस्तुभिंग म्हणतात, व डोळ्याजवळच्या भिंगास नेत्रभिंग म्हणतात. पहिलें वस्तूची मोठी प्रतिमा तयार करितें, व दुसरें ती प्रतिमा आणखी मोठी करून दाखवितें. यास्तव दोहोंच्या शक्तींचा गुणाकार करावा. नेत्रभिंग १० पटींचें व वस्तुभिंग ४० पटींचें असल्यास वस्तु ४०० पट मोठी दिसते. वस्तु ठेवावयाच्या मंचाखालीं आरसा किंवा दिवा असतो. त्याचा प्रकाश वस्तूंतून आरपार वर येतो, म्हणून वस्तु पातळ पाहिजे. कांद्याची फोड ठेविली तर अंधारच दिसेल. तिच्या आंतील बाजूचा पारदर्शक पापुद्रा ठेविला तर विटांच्या भिंतीप्रमाणें रचलेल्या पेशी दिसतील.

वापरण्याची रीति.— (१) यंत्र उचलतांना एका हातानें त्याची दांडी धरावी व दुसरा हात तळाखालीं द्यावा.

(२) काचपट्टीवर पाण्याच्या थेंबांत पापुद्रा पसरावा व त्यावर आयोडीनचा एक थेंब टाकावा. वर ठेवावयाची पातळ काच तिरपी टेकवून हळूच सोडावी. नाहीं तर हवेचे बुडबुडे राहतात, व नवशिका त्यांसच पेशी समजतो.

(३) आरंभीं सर्वांत कमी शक्तीचें वस्तुभिंग घ्यावें. बाजूनें पाहत मोठ्या स्क्रूनें भिंग व काचपट्टी जवळ आणावीं. मग नेत्रभिंगांतून पाहत त्यांतील अंतर हळूहळू वाढवावें. याच्या उलट केल्यास काचपट्टी फुटते व भिंगास ओरखडा पडतो.

(४) वस्तु दिसली म्हणजे ती मध्यभागीं आणावी. काचपट्टी उजवीकडे सरकविली असतां प्रतिमा डावीकडे जाते, हें ध्यानांत ठेवावें. त्यानंतरच मोठ्या शक्तीचें भिंग फिरवून आणावें, व पुढें केवळ लहान स्क्रू वापरावा.

(५) आरशावर प्रत्यक्ष ऊन कधींही घेऊं नये, डोळा जाईल. भिंग पदरानें किंवा धोतरानें पुसूं नये; त्यासाठीं भिंगें पुसण्याचा मऊ कागद घ्यावा.

एक उदाहरण.— हिंवतापाचा जंतु मनुष्याच्या रक्तांत असतो, हें १८८० सालीं लाव्हरान या फ्रेंच डॉक्टरानें अल्जीरियांत पाहिलें. पण तो एकाकडून दुसऱ्याकडे जातो कसा? उदगीर तेव्हां हैद्राबाद संस्थानांत होतें, व त्याच संस्थानांतील सिकंदराबादेस या प्रश्नाचा उलगडा झाला. डॉक्टर रोनाल्ड रॉस १८९५ पासून डास चिरून सूक्ष्मदर्शकाखालीं पाहत होते. घामानें यंत्राचे स्क्रू गंजले, नेत्रभिंगास तडा गेला, आणि चिरलेले डास उडूं नयेत म्हणून उकाड्यांतही पंखा बंद ठेवावा लागे. इतकें करूनही कांहीं सांपडेना, कारण ते डास दुसऱ्याच जातींचे होते. अखेर २० ऑगस्ट १८९७ रोजीं, चार दिवसांपूर्वीं एका रुग्णास चावलेल्या ठिपकेदार पंखांच्या डासाच्या जठरांत त्यांस काळ्या कणांच्या गोल पेशी दिसल्या. त्या हिंवतापाच्या जंतूच्याच होत्या. या शोधकार्यासाठीं १९०२ सालीं रॉस यांस नोबेल पारितोषिक मिळालें.

यावरून काय शिकावें? यंत्र तेंच, डोळा तोच. परंतु पाहण्याचा पदार्थ चुकला तर कांहींच दिसत नाहीं. दिसलें नाहीं म्हणजे नाहींच, असें समजूं नये. आजही हिंवतापासाठीं रक्त तपासतांना काचपट्टीवर एक जाड थेंब घेतात व एक पातळ थर पसरितात. जाड थेंबांत थोडे जंतुही सांपडतात. पातळ थरावरून त्यांची जात कळते, व जातीप्रमाणें औषध ठरतें. फाल्सिपारम जातीचा ताप मेंदूस बाधून प्राण घेऊं शकतो, म्हणून अंदाजानें गोळ्या देत बसूं नये. एका तपासणींत जंतु न सांपडले व ताप राहिला, तर डॉक्टरांस सांगून रक्त पुन्हा तपासून घ्यावें.

गुरांचेंही असेंच आहे. गोचिडांमुळें होणाऱ्या तापाचे जंतु गुरांच्या रक्तांत याच यंत्रानें दिसतात. उदगीर येथें पशुवैद्यक महाविद्यालय आहे. दुभती गाय तापानें खंगूं लागली असतां गंडादोऱ्यांत दिवस न घालवितां पशुवैद्यास दाखवावी.

अभ्यासाचे प्रश्न.— १. वस्तु पातळ कां पाहिजे? २. १० पटींचें नेत्रभिंग व १०० पटींचें वस्तुभिंग असतां वस्तु किती पट मोठी दिसेल? ३. रॉस यांस इतके दिवस जंतु कां सांपडले नाहींत? ४. ताप आलेल्या शेजाऱ्यास तुम्ही काय सांगाल?