मेळ्यातील मुक्त आज्ञावली

कंधारच्या परिसरात माळेगावच्या यात्रेचे नाव ठाऊक नाही असा मनुष्य विरळा. लोहा तालुक्यातील हे गाव पूर्वी कंधार तालुक्यातच होते. मार्गशीर्षात खंडोबाच्या दर्शनास तेथे दूरदूरचे लोक येतात. घोडे, गाढवे, उंट यांचा मोठा बाजार भरतो, कुस्त्या होतात, लावणीचे फड रंगतात. याच गर्दीत कृषिप्रदर्शनही मांडलेले असते. केवळ प्रदर्शनासाठी जो शेतकरी घराबाहेर पडला नसता, तो दर्शन आटोपून सहज तेथे डोकावतो आणि नवे अवजार हाताळून पाहतो.

परदेशातील काही संगणकप्रेमींनी अशीच युक्ती योजिली. चित्रकथा व विज्ञानकथा यांच्या चाहत्यांचेही मेळे भरतात. अमेरिकेत सॅन दिएगो येथे १९७० साली असा एक मेळा सुरू झाला. भारतात २०११ साली दिल्लीस ‘कॉमिक कॉन’ भरला. तेथे चाहते आवडत्या पात्रांची सोंगे घेऊन येतात. आपला बहुरूपीच जणू! २००३ साली मिशिगन राज्यात ‘पेंग्विकॉन’ हा मेळा सुरू झाला. त्यात विज्ञानकथांचे वाचक आणि मुक्त आज्ञावली रचणारे एकत्र आले. पेंग्विन हे ‘लिनक्स’ या मुक्त संगणकप्रणालीचे बोधचिन्ह. त्यावरून हे नाव पडले. द्रवरूप नायट्रोजन ओतून केलेले आइस्क्रीम हे तेथील एक आकर्षण. व्याख्यानास न येणारा मनुष्य आइस्क्रीमला येतो, हे सर्व देशांत सारखेच!

आज्ञावली म्हणजे संगणकाकडून काम करवून घेणाऱ्या सूचनांची मालिका. ‘फुकट’ आणि ‘मुक्त’ या दोहोंसाठी इंग्रजीत एकच शब्द असल्याने तेथील प्रचारकांना फार खुलासा करावा लागतो. मराठीस ही अडचण नाही. फुकट जेवण वाढणारा आचारी आपली कृती सांगेलच असे नाही. मुक्त आज्ञावलीत ती कृतीही हाती येते. ती वापरावी, तपासावी, बदलावी आणि वाटावी, या चारही गोष्टींची मोकळीक असते. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ साली या कार्यास आरंभ केला.

चाहत्यांनाच हे का सांगावे? चाहता नुसता प्रेक्षक नसतो; तो स्वतः चित्रे काढतो, कथा रचतो. त्यासाठी लागणाऱ्या आज्ञावली पुष्कळदा महाग असतात. विकत घेण्याची ऐपत नाही आणि चोरून घेतलेली प्रत मनाला टोचते, अशा पेचात तो सापडतो. त्यास तत्त्वे ऐकवून उपयोग नाही. चित्रकलेची ‘क्रिटा’ ही मुक्त आज्ञावली त्याच्यापुढे उघडावी आणि लेखणी हाती द्यावी.

‘ब्लेंडर’ला तर तिच्या चाहत्यांनीच मुक्त केले. हलती चित्रे घडविणारी ही आज्ञावली नेदरलँड्समधील टॉन रोसेंडाल यांनी रचली. २००२ साली तिची कंपनी बंद पडली. एक लक्ष युरो मिळाल्यास आज्ञावली मुक्त करण्यास भांडवलदार राजी झाले. जगभरच्या लोकांनी सात आठवड्यांत ती रक्कम उभी केली आणि १३ ऑक्टोबरला ब्लेंडरचे अंतरंग सर्वांस खुले झाले. याच ब्लेंडरवर लाटव्हियाच्या गिंट्स झिल्बालोडिस यांनी महापुरात सापडलेल्या मांजराचा ‘फ्लो’ हा चित्रपट केला. २०२५ साली त्यास ऑस्कर मिळाले.

मुंबईच्या ‘एक टाईप’ने घडविलेले ‘मुक्ता’ हे अक्षरवळणही असेच मुक्त आहे. कंधारच्या एखाद्या मुलीने माळेगावच्या घोड्याची चित्रकथा योजिली, तर चित्रांसाठी क्रिटा, घोडा पळविण्यासाठी ब्लेंडर आणि त्याच्या मराठी संवादांसाठी मुक्ता, ही तिन्ही साधने शाळेच्या संगणकावर तिला घेता येतील, आणि मैत्रिणींसही देता येतील.