शेजाऱ्याला कळेल अशी सूचना

तारापूर औद्योगिक वसाहतीतील रासायनिक कारखान्यांना बोईसर, पास्थळ, सालवड, कुंभवली या गावांचा अगदी निकटचा शेजार आहे. १९८४ मध्ये भोपाळला विषारी वायूची गळती झाली, तेव्हा काय करावे हे भोवतालच्या वस्तीला ठाऊक नव्हते. पुढे १९८९ मध्ये केंद्र शासनाने घातक रसायनांविषयी नियम केले. ठरावीक मर्यादेहून अधिक साठा बाळगणाऱ्या कारखान्याने सुरक्षा अहवाल द्यावाच. शिवाय धोक्याचे स्वरूप आणि त्या वेळी काय करावे, काय करू नये, हे परिसरातील लोकांनाही कळवावे, असे हे नियम सांगतात.

लेखनाची खरी कसोटी येथे लागते. अहवाल वाचणाऱ्या निरीक्षकाला साठ्याचे प्रमाण, प्रक्रिया आणि संभाव्य गळतीचा हिशेब हवा असतो. तोच मजकूर मराठीत उतरवून ग्रामपंचायतीच्या फलकावर लावला, तर नियम पाळल्याचे समाधान तेवढे मिळेल. सालवडच्या गृहिणीला पहिल्याच ओळीत हवे असते ते हे, की भोंगा वाजल्यावर दारे-खिडक्या लावून घरात थांबावे की बाहेर पडावे? बाहेर पडण्यास सांगितले, तर नाकातोंडावर ओले फडके धरून वाऱ्याच्या आडव्या दिशेने जावे. रसायनाचे नाव मागाहून आले तरी चालते. मात्र ‘पूर्वेकडे जावे’ असा कायमचा आदेश छापू नये. किनाऱ्यावर दुपारी समुद्राकडून येणारा वारा रात्री पालटू शकतो. वाऱ्याची दिशा दाखविणारी कापडी नळी कोठे दिसते, हे सूचनेत लिहावे. कामगारांच्या चाळींत ते हिंदीतूनही सांगावे.