रिश्टनचे व्यावसायिक : सुभाष गुप्ते

ब्राझील-अर्जेंटिनाचे फुटबॉलपटू युरोपात पगारावर खेळायला जातात. तीच वाट आपल्या काही क्रिकेटपटूंनीही धरली होती, हे आमच्या धंतोलीतील क्रिकेटवेड्यांनाही फारसे ठाऊक नसते. मला त्यांपैकी सुभाष गुप्ते यांची कारकीर्द अधिक विचार करण्याजोगी वाटते.

लँकेशायर लीगमध्ये त्या काळी प्रत्येक क्लबला एकच व्यावसायिक खेळाडू ठेवता येई. बाकीचे आठवडाभर नोकरीधंदा करून सुटीत खेळणारे. साहजिकच हरल्याचा दोष पगारदारावर! १९२९ साली त्रिनिदादचा लिअरी कॉन्स्टंटाइन नेल्सनकडे गेला. पुढे विजय हजारे रॉटनस्टॉलकडे आणि पन्नाशीच्या दशकात गुप्ते रिश्टनकडे गेले.

गुप्ते मुंबईचे, जन्म १९२९चा. लेगस्पिनला दोन तऱ्हांच्या गुगलीची जोड. १९५३च्या वेस्ट इंडीज दौऱ्यात त्यांनी कसोटीत २७ बळी घेतले. १९५८ साली कानपूरला त्याच संघाचे एका डावात १०२ धावांत नऊ! सोबर्सने त्यांना सर्वश्रेष्ठ लेगस्पिनर मानले.

परंतु १९६१च्या दिल्ली कसोटीच्या वेळी खोलीतील सहकाऱ्याविरुद्ध हॉटेलच्या स्वागतिकेने तक्रार केली आणि मंडळाने दोघांनाही वगळले. गुप्त्यांचा अपराध एवढाच, की खोली एकच होती. परक्या गावाने ज्यांना मोल देऊन बोलावले, त्यांना स्वदेशी साधा न्यायही मिळू नये, हे मला खटकते. छत्तीस कसोटींत १४९ बळींवर कारकीर्द संपली. पुढे ते पत्नीच्या मायभूमीत, त्रिनिदादला स्थायिक झाले. २००२ साली तेथेच वारले.