आइसलंडची प्रदक्षिणा

उत्तर अटलांटिक महासागरांत, उत्तर ध्रुववृत्ताच्या किंचित् दक्षिणेस, आइसलंड नांवाचें बेट आहे. त्याचें क्षेत्रफळ सुमारें १,०३,००० चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या एक-तृतीयांश असून लोकसंख्या मात्र चार लाखांच्या आंतच आहे. बेटाचा मध्यभाग बर्फानें व लाव्हानें व्यापलेला असल्यामुळें मनुष्यवस्ती बहुतेक किनाऱ्याच्या आसऱ्यानें राहते. या वस्तीस एकत्र गुंफणारा, सुमारें १,३२२ किलोमीटर लांबीचा एक वाटोळा राजमार्ग आहे. या मार्गानें बेटास प्रदक्षिणा घालीत असतां एक गोष्ट पदोपदीं प्रत्ययास येते. ती ही कीं, भूमि ही एकदां घडून संपलेली वस्तु नव्हे. ती अद्यापि घडत आहे, व तिच्यावर राहणाऱ्यानें तिची प्रकृति ओळखूनच राहिलें पाहिजे.

रेक्याविक या राजधानींतून निघाल्यावर मुख्य मार्गापासून थोडें आंत थिंगवेत्लिर हें स्थळ लागतें. इ. स. ९३० पासून आइसलंडच्या लोकांची सभा येथें उघड्यावर भरत असे. परंतु भूगोलाच्या विद्यार्थ्यास येथील खोल भेगा अधिक बोलक्या वाटतील. पृथ्वीच्या कवचाचे दोन प्रचंड खंड, एक अमेरिकेचा व दुसरा युरोप-आशियाचा, या प्रदेशांत वर्षास सुमारें दोन सेंटिमीटर या गतीनें एकमेकांपासून दूर सरकत आहेत. त्यांच्यामधील फटींतून भूगर्भांतील तप्त रस वर येतो व थंड होऊन नवी भूमि बनतो. सारें आइसलंड याच क्रियेचें अपत्य होय.

दक्षिण किनाऱ्यानें पुढें गेल्यावर सेल्यालांड्सफॉस व स्कोगाफॉस हे सुमारें साठ मीटर उंचीचे धबधबे दिसतात. ज्या कड्यांवरून ते कोसळतात, ते एके काळीं समुद्राचे कडे होते. आज समुद्र तेथून कित्येक किलोमीटर दूर आहे. मध्यंतरींची सपाटी नद्यांनीं व हिमनद्यांच्या पुरांनीं आणलेल्या गाळाची आहे. पुढें वीक गांवाजवळ काळ्या वाळूचा किनारा व षट्कोनी खांबांप्रमाणें उभे असलेले दगड लागतात. लाव्हारस सावकाश निवतांना आकसतो, त्यास नियमित चिरा पडतात, आणि असे खांब निर्माण होतात. मुंबईस अंधेरी येथील गिल्बर्ट टेकडीही याच रीतीनें झालेली आहे. हें सौंदर्य पाहतांना समुद्राकडे मात्र पाठ करूं नये. येथील एखादी लाट अकस्मात् पुष्कळ आंत येते व माणसांस ओढून नेते.

वीकच्या पूर्वेस रस्ता शेवाळानें मढलेल्या एका विस्तीर्ण लाव्हाक्षेत्रांतून जातो. हिरव्या गालिच्यासारखें दिसणारें हें दृश्य एका घोर संकटाची खूण आहे. इ. स. १७८३ च्या जून महिन्यांत लाकी येथें भूमि सुमारें सत्तावीस किलोमीटर लांब दुभंगली, आणि आठ महिने तींतून लाव्हा व विषारी वायु बाहेर पडत राहिले. गवतावर विष बसलें. तें खाऊन मेंढ्या व गुरें मेलीं. त्यामागून दुष्काळ पडला, आणि देशांतील सुमारें एक-पंचमांश लोक मरण पावले. त्या दगडावर शेवाळ चढावयास दीर्घ काळ लागला. त्यावर पडलेलें पाऊल किंवा चाकाची रेघ भरून येण्यास कित्येक वर्षें लागतात. म्हणून रस्ता सोडून वाहन हांकणें हा तेथें कायद्यानें गुन्हा आहे.

यापुढें स्केइदारारसांदुर नांवाचें काळ्या वाळूचें मैदान लागतें. वात्नायोकुत्ल या विशाल हिमक्षेत्रांतून निघणाऱ्या नद्या येथें वारंवार पात्र बदलीत असल्यामुळें फार दिवस रस्ता पुरा होऊं शकला नाहीं. १९७४ सालीं सुमारें ८८० मीटर लांबीचा पूल झाला, तेव्हां कोठें वर्तुळ जुळलें. पुढें १९९६ सालीं बर्फाखालीं ज्वालामुखी जागृत झाला. वितळलेलें पाणी कांहीं आठवडे आंतच सांचत राहिलें. शास्त्रज्ञ त्यावर लक्ष ठेवून होते. रस्ता आधींच बंद करण्यांत आला. ५ नोव्हेंबर रोजीं घरांएवढे हिमखंड घेऊन पूर आला. त्यानें एक पूल समूळ नेला व मोठ्या पुलाची मोडतोड केली. परंतु एकही मनुष्य दगावला नाहीं. पुलाच्या पिळवटलेल्या लोखंडी तुळया आजही रस्त्याच्या कडेस ठेविलेल्या आहेत. पूल दुरुस्त झाला. पण हिमनदी मागें हटल्यामुळें २००९ सालीं नदीनेंच वाट बदलली, आणि तो कोरड्या वाळूवर उभा राहिला! १९७४ पर्यंत ज्या नदीनें लोकांस अडविलें, तिनेंच पुढें त्यांचा पूल निरुपयोगी केला.

थोडें पूर्वेस योकुल्सारलोन हें सरोवर आहे. निळसर हिमखंड त्यांत संथपणें तरंगत असतात. शंभर वर्षांपूर्वीं येथें सरोवर नव्हतें, बर्फच होता. हिमनदी आटूं लागली तसें इ. स. १९३५ च्या सुमारास तें दिसूं लागलें व तेव्हांपासून वाढतच आहे.

पूर्वेकडील चिंचोळ्या खाड्या ओलांडून रस्ता उत्तरेस वळतो. मिवात्न सरोवराच्या परिसरांत चिखल उकळतो व जमिनींतून वाफ निघते. क्राफ्ला येथें त्या वाफेवर वीज उत्पन्न करण्याचें काम चालू असतांनाच १९७५ सालीं उद्रेकांस आरंभ झाला, व ते १९८४ पर्यंत अधूनमधून होत राहिले. तरीही काम पुरें करण्यांत आलें. पश्चिमेस डायल्दार्तुंगुह्वेर या झऱ्यांतून दर सेकंदास सुमारें १८० लिटर उकळतें पाणी निघतें. नळांनीं तें दूरच्या गांवांत नेऊन घरें ऊबदार ठेवितात. देशांतील दहांपैकीं सुमारें नऊ घरांस अशीच भूगर्भांतील उष्णता मिळते. ज्या अग्नीनें पूर्वजांचे प्राण घेतले, त्याचीच ही शेकोटी होय.

याच पश्चिम भागांत ओक नांवाच्या पर्वतावरील हिमनदी इतकी क्षीण झाली कीं, २०१४ सालीं तिची गणना हिमनद्यांतून काढण्यांत आली. २०१९ सालीं तेथें स्मृतिफलक बसविण्यांत आला. ज्वालामुखीचे उद्रेक मनुष्याच्या हातीं नाहींत; पण हा बर्फ वितळण्यास मनुष्यानें जाळलेला कोळसा व तेल मुख्यत्वें कारणीभूत आहेत, हा भेद विद्यार्थ्यांनीं नीट ध्यानांत ठेवावा.

आतां आपल्या देशाकडे पाहूं. सह्याद्रीचा काळा पाषाण हा आइसलंडच्या जातीचाच, म्हणजे बेसॉल्ट आहे. सुमारें ६ कोटी ६० लक्ष वर्षांपूर्वीं येथेंही भूमि दुभंगून लाव्हाचे थरांवर थर पसरले. बोरघाटांतून जातांना कड्यांवर ज्या आडव्या पायऱ्या दिसतात, त्या ते थरच होत. तेथें आज जें चाललें आहे तें येथें घडून गेलें, एवढाच काय तो फरक. वाचकहो, पुढील खेपेस घाटांतून जाल तेव्हां ते थर एकदां मोजून पाहा.