एक नळी की दोन?

पोरा, तुमच्या पलटणीत एका नळीचे आणि दोन नळ्यांचे असे दोन्ही तऱ्हेचे नाइट व्हिजन गॉगल चाचणीला आलेत आणि कुठला बरा ते जवानांनाच विचारणार आहेत, असं तू सांगितलंस. फोनवर अशा गोष्टी अर्ध्या राहतात, म्हणून लिहितोय. इथं बंगळूरच्या हेब्बाळला हवाई दलाच्या प्रशिक्षण कमांडचं मुख्यालय, त्यामुळे सकाळी तळ्याकडे फिरायला येणाऱ्यांत निवृत्त फौजी बरेच. हेलिकॉप्टर उडवलेला माणूस दोन नळ्यांखाली बोलत नाही, पायदळातला एकीवर खूश असतो. दोघांचंही खरं आहे, कारण दोघांची कामं वेगळी. तेव्हा कुठला चांगला हे विचारण्याआधी स्वतःला विचार, अंधारात तुझे पाय काय करणार आणि हात काय करणार?

नळीचं काम आधी समजून घे. ताऱ्यांचा जो थोडाथोडका उजेड येतो त्याचे ती इलेक्ट्रॉन करते, बारीक छिद्रांच्या चकतीतून ते हजारो पटींनी वाढवते आणि शेवटी छोट्या पडद्यावर हिरवं किंवा पांढरं चित्र उमटवते. तू बघतोस तो पडदा. त्यामुळे दोन नळ्या लावल्या की जास्त रुंद दिसेल ही समजूत सोड. दोन समांतर नळ्यांच्या नेहमीच्या साधनातही दिसतं ते साधारण चाळीस अंशच. मान फिरवत राहायची सवय दोन्हीकडे लागते.

फरक पडतो तो खोलीच्या अंदाजात. आमच्या वेळचे गॉगल एका नळीचे, पण दोन्ही डोळ्यांसमोर भिंगं असलेले. दोन डोळ्यांनी बघतोय म्हणून खोली कळेल असं वाटायचं, पण दोन्ही डोळ्यांना एकच चित्र मिळायचं, त्यामुळे खोली कळायची नाही आणि वर दोन्ही डोळे पडद्याला बांधलेले. ही तिसरी तऱ्हा चाचणीत असली तर तिला दोन नळ्यांचं समजू नकोस. पुढून बघ, भिंग एक की दोन ते लगेच कळतं.

खऱ्या दोन नळ्यांत प्रत्येक डोळ्याला आपापलं चित्र मिळतं. उतारावरचा दगड, ओढ्याची कड, पायरी, तार यांचं जवळचं अंतर मेंदूला लागतं, आणि चित्रातली वाळूसारखी भुरभुरही कमी जाणवते. 1999 ला कारगिलमध्ये टायगर हिल चढली ती रात्रीच. तसा कडा चढायचा असेल, गाडी हाकायची असेल, हेलिकॉप्टर उडवायचं असेल, तर दोन नळ्या माग आणि मागे हटू नकोस. खात्री हवी असेल तर अंधारात बसून दोरीला गाठ मारून बघ. आधी दोन नळ्यांनी, मग एकीने. एकीने बघताना दोरीचं टोक फासाच्या अलीकडे की पलीकडे हेच कळत नाही, बोटं हवेत चाचपडतात.

मात्र एका नळीत दुसरा डोळा मोकळा राहतो, आणि त्याची किंमत मोठी आहे. डोळा अंधाराला पुरता सरावायला अर्धा तास जातो. दोन नळ्या वर सारल्यास की दोन्ही डोळे काही काळ निकामी. एकीत मात्र उघडा डोळा सरावलेला असतो, आजूबाजूचं भान ठेवतो. पहाऱ्यावर, नकाशा बघताना, आत-बाहेर करताना मी एकच नळी घेईन. ज्या डोळ्याने नेम धरतोस तो मोकळा ठेव आणि नळी दुसऱ्यावर लाव. चालताना डोकं थोडं डावी-उजवीकडे हलव, जवळची वस्तू लांबच्यापेक्षा जास्त सरकते आणि अंतराचा थोडा अंदाज येतो. पाऊल चाचपून टाक.

वजनही धर हिशोबात. एक नळी साधारण साडेतीनशे ग्रॅमची, जोडी अर्ध्या किलोच्या आसपास, आणि ते सगळं वजन कपाळापुढे लोंबतं. हेल्मेटच्या मागे वजन बांधून तोल साधल्याशिवाय कुठल्याही नगाबद्दल मत देऊ नकोस. पहिल्या तासात मान तक्रार करत नाही, चौथ्या तासाला करते.

आता मला सगळ्यात कळकळीने सांगायचंय ते. एक चांगली नळी दोन सुमार नळ्यांना भारी पडते. प्रत्येक नळीबरोबर तिचा कागद असतो, तो मागून घे. एका मिलिमीटरला रेघांच्या किती जोड्या स्पष्ट दिसतात आणि भुरभुरीच्या तुलनेत चित्र किती पट ठळक आहे, हे दोन आकडे बघ. चौसष्ट आणि पंचवीस असतील तर गुणाकार 1600 येतो, आणि दोन नगांची तुलना याच गुणाकारावर होते. मग पांढऱ्या भिंतीकडे बघून मध्यभागी काळे ठिपके आहेत का ते शोध. जोडी असेल तर दोन्हींचा उजेड सारखा हवा आणि नळ्या तंतोतंत समांतर हव्यात. नसतील तर तासाभरात डोकं दुखेल आणि दोष तू झोपेला देशील.

आपल्या नळ्या परदेशीच असतात असं कुणी म्हणालं तर त्याला भोसरीला पाठव. तिथं बीईएलची, म्हणजे भारत इलेक्ट्रॉनिक्सची, ऑप्ट्रॉनिक डिव्हायसेस ही कंपनी 1990 पासून याच कामात आहे. डच भागीदारीत सुरू झालेली, पुढे पूर्ण बीईएलची झाली. पुण्याजवळच्या एमआयडीसीत सीमेवरच्या जवानाचा डोळा घडतो, याचा मला फार अभिमान आहे.

चाचणी शहरात घेऊ देऊ नका. हेब्बाळच्या फ्लायओव्हरचे दिवे ढगांवर पडून आभाळ उजळतं, इथं कुठलीही नळी छान दिसते. अमावस्येच्या आसपास, दाट झाडीखाली, रेंजवर घ्या. आधी डोळ्याकडचं भिंग जुळव, मग पुढचं भिंग एखाद्या ताऱ्यावर आण, तारा टाचणीच्या टोकाएवढा होईपर्यंत.

आणि सेक्शनचा विचार कर. पैसे ठरलेलेच असणार. अर्ध्या जवानांना जोड्या आणि उरलेले आंधळे, असा प्रस्ताव आला तर तुझं मत प्रत्येकाला एक नळी असं लिही. वाट काढणारा पुढचा स्काउट आणि ड्रायव्हर यांच्यासाठी तेवढ्या जोड्या वेगळ्या माग, कारण त्यांच्यामागे बाकीचे डोळे मिटून चालतात.

नग परत करताना सेल काढ, झाकण लाव, आणि खोक्यातली सिलिकाची पुडी कोरडी आहे का ते बघ.