झाडांच्या शेंड्यांमधून

चेन्नईच्या वेस्ट मांबलम भागात मी अनेक वर्षे राहतो. मांबलम स्थानकावर लोकलगाडीत बसले, की मध्ये सैदापेट लागते आणि लगेच गिंडी येते. तेथे भर शहरात सुमारे 2.7 चौरस किलोमीटरांचे राष्ट्रीय उद्यान आहे. त्यातील झाडे फारशी उंच नाहीत. अनेकांची पाने लहान, जाड व चामड्यासारखी आहेत. चेन्नईत मोठा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात पडतो. पुढे कित्येक महिने कोरडे जातात, म्हणून तेथील झाडाला पाणी जपून वापरावे लागते.

तुम्ही एखादे झाड कधी वरून पाहिले आहे का? आपल्याला बुंधा दिसतो, सावली मिळते. पण झाडाचा खरा संसार शेंड्याकडे चालतो. पाने तेथे ऊन पितात. फुले, फळे आणि पाखरेही तेथेच असतात. तो संसार जवळून पाहण्याचा योग मला मुंबईत आला.

मलबार हिलवर, ‘म्हातारीचा बूट’ असलेल्या कमला नेहरू उद्यानाजवळ, मुंबई महानगरपालिकेने निसर्ग उन्नत मार्ग बांधला आहे. 2025 च्या गुढीपाडव्याला त्याचे उद्घाटन झाले. त्याची लांबी सुमारे 485 मीटर व रुंदी 2.4 मीटर आहे. गिरगावात राहणाऱ्या माझ्या मावशीला मी सोबत घेतले. “अरे, माझे गुडघे हे असे. मला कुठे झाडावर चढवतोस?” असे ती म्हणाली. पण चढावे लागलेच नाही. टेकडीचा उतार खाली खाली जातो आणि लाकडी फळ्यांची वाट मात्र जवळजवळ सपाट राहते. त्यामुळे थोड्याच वेळात आपण बुंध्यांपाशी नसून फांद्यांमध्ये असतो. तांबटाची ठोक्यासारखी ‘टुक टुक’ नेहमी डोक्यावरून येते. येथे ती कानाच्या पातळीवर आली. एके ठिकाणी तळाला काच बसवलेली आहे. मावशीने त्या काचेवर पाय ठेवण्यास साफ नकार दिला.

या मार्गाची कल्पना सिंगापूरवरून सुचली, असे सांगतात. तेथे मॅकरिची जलाशयाजवळच्या वर्षावनात 250 मीटर लांबीचा झुलता पूल 2004 मध्ये खुला झाला. काही ठिकाणी तो जमिनीपासून 25 मीटर उंच आहे. गंमत अशी, की मुंबई आणि सिंगापूर या दोन्ही शहरांत वर्षाला 2000 मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. मग मलबार हिलवर वर्षावन का नाही? कारण सिंगापुरात तो पाऊस बाराही महिन्यांत वाटलेला आहे, तर मुंबईत बहुतेक सारा जून ते सप्टेंबरमध्ये कोसळतो. पावसाच्या प्रमाणाइतकाच त्याचा काळही महत्त्वाचा असतो. सिंगापूरचे वन सदा हिरवे राहते. मुंबईतील अनेक झाडे उन्हाळ्यापूर्वी पाने गाळतात. हिरवाई पाहायची असेल, तर येथे पावसाळ्यात किंवा त्यानंतर लगेच जावे.

अशा उंच वाटेचा मला सर्वांत मोठा वाटणारा लाभ मात्र खाली आहे. रानातील पायवाटेवर रोज शेकडो माणसे चालली, की माती दबून घट्ट होते. पाणी मुरत नाही. पालापाचोळ्यात पडलेले बी रुजले, तरी पायाखाली चिरडते. आजचे मोठे वृक्ष आणखी काही वर्षे उभे राहतील, पण त्यांच्या जागी येणारी रोपे नसतील, तर ते रान म्हातारे होत जाईल. बाहेरून पाहणाऱ्याला हे लवकर कळतही नाही. शहरातल्या लहानशा रानाला हा धोका अधिक असतो, कारण त्याच्याकडे येणारी पावले फार आणि त्याची जमीन थोडी. वाट वर उचलली, की ती जमीन मोकळी राहते.

हे मी मावशीला सांगत होतो. परत फिरताना ती कठडा धरून त्या काचेपाशी थांबली आणि वाकून पाहू लागली. “ते बघ,” ती म्हणाली. खाली सुक्या पानांच्या थरातून वीतभर उंचीचे एक रोप दोन पाने घेऊन वर आले होते.